स्थळ न दाखवता होकार

जिमखान्याचे अध्यक्ष रांगणेकर टेबल टेनिसची सर्व्हिस करताना चेंडू पोटाआड लपवत. नियमाने तो समोरच्याला दिसायला हवा. पण पंच पडले त्यांच्याच हापिसातले कारकून. बोलणार काय?

अंतिम सामन्यात समोर शकूताई होत्या. दहा-दहा गुण झाले. अध्यक्षांनी सर्व्हिस केली. शकूताईंनी बॅट हलवलीच नाही.

"मी तयार नव्हते."

समोरचा तयार नसेल तर सर्व्हिस पुन्हा करायची, हाही नियमच. असं सात वेळा झालं. पंच गोंधळून नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळू लागले. अध्यक्षही चक्रावले.

"अहो बाई, तुम्ही तयार होणार तरी कधी?"

"स्थळ न दाखवताच होकार मागताय, साहेब! आधी चेंडू दाखवा."

लोक हसले. अध्यक्षांनी मुकाट्याने तळहातावर चेंडू धरला. सर्वांना दिसला. शकूताईंनी फटका मारल्यावर मात्र तो एकट्या अध्यक्षांनाच दिसला नाही.