गोजरीचा गल्ला

आमच्या कुंभारखोरीच्या उगवतीला ती लालसर टेकडी दिसते ना, ती दगडमातीची नाही. नुसत्या खापरांचा ढीग आहे तो. वर मरीआईचं ठाणं आहे, पण चपला काढू नका. खापर पायात शिरतं, म्हणून इथे देवीनेच तशी मोकळीक दिली आहे, असे सांगतात. एवढी मडकी कुणी फोडली, असं पाहुणे विचारतात. मग पायथ्याशी बसणाऱ्या कासाबाई कुंभारीण सांगतात ती हकिकत अशी.

फार वर्षांपूर्वी इथे हौसा नावाची कुंभारीण राहत होती. तिचा नवरा भट्टीच्या धुराने छाती भरून वारला. मागे दोन लेकरं राहिली, नऊ वर्षांची गोजरी आणि चार वर्षांचा भाऊ. हौसाने लेकीला मातीचा गल्ला घडवून दिला. वर एकच चीर, नाणं आत जाईल एवढी.

"यात पडलेला पैसा आपला नाही गं बाय," ती म्हणाली, "अडीनडीचा आहे. अडल्याशिवाय फोडायचा नाही."

पोरीने ते मनावर घेतलं. संक्रांतीला घरोघर सुगडं पोचवायची, गाढवांची लीद गोळा करायची, पायाने चिखल तुडवायचा. दिडकी हातात आली की आधी गल्ल्यात. बाजारात दुसऱ्या पोरी बत्तासे खायच्या, ही बाजूला उभी राहायची. "चिक्कू मारवाडीण!" म्हणून त्या चिडवायच्या. ही गल्ला कानाशी नेऊन वाजवायची आणि हसायची.

पण हौसाची ओढाताण काही संपत नव्हती. एकदा घरात मीठ नव्हतं. तिने गल्ला पालथा धरला, चिरेत खराट्याची काडी घातली आणि एक दिडकी ओढून घेतली. परत टाकीन म्हणाली. मग दिव्याला तेल. मग नणंद आली, तिच्या चहाला गूळ. मग स्वतःला चार बांगड्या, विधवेला काचेच्या चालत नाहीत म्हणून कथलाच्या; मोकळे हात घेऊन लग्नाला जायचं कसं? गल्ला हलका लागू नये म्हणून ती दर वेळी नाण्याएवढी खापरी घासून आत सोडायची. कुंभाराच्या घरी खापरांना काय तोटा! आवाज थोडा बद्द यायचा. पोरीला वाटायचं, भरत आला म्हणून.

त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. मडकी घ्यायला गिऱ्हाईक राहिलं नाही. चैत्रात एक दिवस जोंधळ्याच्या गाड्या गावाच्या उगवतीला माळावर आल्या; टेकडी तेव्हा नव्हती. रोख पैसा असेल त्यालाच दाणे, आणि गाड्या पुन्हा येणार नव्हत्या. गोजरी गल्ला कमरेवर घेऊन धावत सुटली. हौसा मागून ओरडत होती, "थांब गं, आत्ता नको!" पण पोर ऐकते कशाला? "आई, अडलंय ना आता?" असं म्हणून तिने सगळ्या गावादेखत गल्ला दगडावर आपटला.

आतून खापऱ्या निघाल्या. तळाशी दोन दिडक्या.

"कुंभाराच्या घरी खापरंच पिकायची!" गाडीवाला म्हणाला आणि लोक हसले. कुणी म्हातारी म्हणाली, देवीचा कोप आहे, नाण्यांची माती झाली. गोजरी पांढरीफटक पडली. "माझ्यामुळंच झालं," ती म्हणाली. "बत्ताशासाठी एकदा दिडकी काढावी असं मनात आलं होतं माझ्या."

हौसा तिथेच उभी होती. एका शब्दाचं काम होतं. पण गाव बघत होतं, हातात बांगड्या होत्या. ती बोलली नाही.

शेजारणी ओंजळभर जोंधळा देत, त्याची पेज व्हायची. गोजरी आपला वाडगा भावापुढे सरकवायची. पापाची फेड करतेय, म्हणायची. हौसा रोज बघायची, रोज तोंड उघडायची आणि "खा गं" एवढंच बोलायची. वैशाख लागायच्या आत पोर गेली.

तेराव्याला हौसा त्याच माळावर गेली आणि तिने गाव बोलावलं. हातात ती खराट्याची काडी होती. "देवीनं नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं." आणि मीठ, तेल, गूळ, बांगड्या, सगळं एकेक करून सांगितलं. शिव्या पडतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण शिवी कुणी दिली नाही. मागून एक बाई बोलली, "मी पण काढलेत. पोराच्या गल्ल्यातून." मग दुसरी. मग तिसरी. अंधार पडेपर्यंत बाया बोलत होत्या म्हणे.

आजही चैत्रातल्या दुसऱ्या मंगळवारी गावची पोरं आपापले गल्ले घेऊन त्याच जागी फोडायला येतात; वर्षानुवर्षं फुटलेल्या त्या गल्ल्यांचीच ही टेकडी झाली. फोडायच्या आधी प्रत्येकाच्या आईने लेकरासमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं, किती काढले आणि कशाला. "चाळीस रुपये, गॅसच्या टाकीला कमी पडले." "वीस, तुझ्याच खोकल्याच्या औषधाला." "दहा. उगाच." लेकराने ऐकून घ्यायचं, उलटून बोलायचं नाही, अशी रीत आहे. "काहीच नाही काढले" म्हणणारी आई कासाबाईंनी त्यांच्या सत्तर वर्षांत एकदाच पाहिली, आणि ती खोटं बोलत होती म्हणे.

तरी पोरं संध्याकाळी नवा गल्ला घेतात. पहिलं नाणं टाकतात, आणि टाकताना आधी आईच्या हाताकडे बघतात.