दगडखाणीतला बँड

फार पूर्वी एका ओसाड दगडखाणीत बेडूक, रातकिडा आणि सुतारपक्षी यांचा बँड वाजायचा. गाणी स्वतःची. फर्माईश घ्यायची नाही, हा नियम.

"माझ्या बागेत या," मोर म्हणाला. "फक्त कोकिळेची गाणी वाजवा."

बेडूक एकटाच गेला. मोराने त्याला आवाज बसेपर्यंत गायला लावलं आणि मग हाकलून दिलं.

कैक वर्षांनी बेडूक खाणीत परतला आणि ऐकणाऱ्यांत मागे बसला. दोघे म्हातारे झाले होते, ठेका तोच होता. न राहवून तो म्हणाला, "आपलं पहिलं गाणं वाजवता?"

"फर्माईश घेत नाही," सुतारपक्षी गुरकावला.

रातकिडा बाजूला सरकला. "फर्माईश ऐकणारे करतात. तू तिथे काय करतोयस? इकडे ये, गा."

"आवाज बसलाय रे माझा."

"मग बसूनच गाऊ."