डी-टू नावाचं दार

"दार कुठल्या बाजूला उघडतं, हे तुम्ही मला विचारताय, सर?"

"नकाशा तुझा आहे. दुसऱ्या कुणाला विचारू?"

केतकी प्रभुदेसाई हसली. आर्किटेक्चर कॉलेजचं सुवर्णपदक घेऊन ती कुडाळला नाबर सरांच्या हाताखाली आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. टेकडीवरच्या प्रसूतिगृहाचे चौदा कागद तिने एकटीने काढले होते. दगडी भिंती, उतरतं छप्पर, दरीकडे उघडणाऱ्या खिडक्या... बघणारा बघत राहायचा.

काम जोत्यापर्यंत आलं होतं. आता चौकटी करायला घ्यायच्या होत्या. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी कागदांवरून एकदा नजर फिरवावी आणि हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

डी-टू म्हणजे प्रसूतीच्या खोलीचं दार, ती म्हणाली. ते आत उघडतं.

सरांनी तिसरा कागद पुढे केला. दार आत उघडत होतं. मग अकरावा. तिथे तेच दार मोठं करून काढलं होतं. ते बाहेर उघडत होतं.

केतकीने सांगून टाकलं, की कागदावर एवढं तेवढं चालायचंच. कारागीर मुरलेले आहेत, काय ते समजून घेतील.

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी सुतारकाम बघणाऱ्या शांताराम मेस्त्रींना बोलावलं, गवंडी इसाकभाईंना बोलावलं. मेस्त्रींच्या हातात दार-खिडक्यांच्या मापांचा तक्ता दिला, इसाकभाईंच्या हातात मजल्याचा नकाशा. डी-टूच्या रुंदीएवढी पट्टी कापून आणा म्हणाले, आणि एकमेकांशी बोलू नका.

थोड्या वेळाने दोन पट्ट्या टेबलावर आल्या.

एक साडेतीन फुटांची. दुसरी चार.

सरांनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"यांच्यात चुकलं कोण?" सरांनी विचारलं.

केतकीने दोघांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे त्या खोलीकडे नेणारा अरुंद बोळ आला, आणि कळा सोसत स्ट्रेचरवरून येणारी एखादी बाई.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "मी दोन दारं काढली."

"भिंत एकच आहे."

तिने तीन दिवस मागून घेतले. पहिल्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन स्ट्रेचर मोजलं, ते वळायला किती जागा घेतं तेही पाहिलं. डी-टू चार फुटांचं ठरलं, आत उघडणारं. मग तिने चौदाही कागद समोर पसरले. एक खिडकी बाहेरून तीन झडपांची दिसत होती आणि आतून दोन. अशी आणखी नऊ ठिकाणं सापडली. प्रत्येक दाराला तिने एक नाव दिलं, एक माप, एक बाजू, आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवलं. चौथ्या दिवशी ती ताठ मानेने शेडमध्ये आली.

मेस्त्रींनी चष्मा लावला. तक्ता पाहिला, नकाशा पाहिला, पुन्हा तक्ता पाहिला. कागदांची गुंडाळी केली आणि बाहेर गेले.

केतकी वाट बघत राहिली... बाहेर करवत सुरू झाली.

"सर, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. चांगलं झालंय, एवढंसुद्धा म्हणाले नाहीत."

सरांनी खिडकीकडे कान दिला.

"म्हणतायत की. ऐक."