देवामागची भिंत

"…आणि ज्याने घर धड पाहिलंसुद्धा नाही, त्याच्या हातात किल्ली द्यायची का महाराज?"

विश्वंभर तारळेकर हे तिसऱ्यांदा विचारत होते. हरणगिरी महाराज मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. ते फोडतच राहिले.

तारळेकर बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर. टेकाडावरचं घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं, आणि त्याबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. पण तिथे पोचायला बावीस पायऱ्या होत्या, आणि त्या आता त्यांच्या पत्नी वेणूताईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. दिवाळीपासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. इस्लामपूरला लेकीने तळमजल्यावरची खोली झाडून-पुसून ठेवली होती. घर विकलं की जायचं, असं ठरलं होतं. ठरून दोन वर्षं झाली होती.

गिऱ्हाइकं यायची. पण प्रत्येकाला बँकेचं कर्ज हवं असायचं, आणि बँकेचा माणूस घर तपासायला येणार म्हटलं की तारळेकर काहीतरी खुसपट काढून व्यवहार मोडायचे. वेणूताई खिडकीतून उतरत्या पाहुण्यांच्या पाठी बघत राहायच्या.

मग गेल्या आठवड्यात सांगलीकडचे हळदीचे व्यापारी गुंडाप्पा कोरे आले. कर्ज नको, हप्ते नकोत, तपासणी नको. नोंदणीच्या दिवशी सगळी रक्कम एकदम देतो आणि आहे तसं घर घेतो, म्हणाले. चहा घेतला, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि पाऊण तासात पायऱ्या उतरून गेले. नोंदणी उद्यावर आली होती.

"दारं सागवानी आहेत. हात लावून बघितलं नाही त्यांनी. हा अपमान झाला."

महाराजांनी चार दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले.

"देव कुठं बसवलेत हल्ली?"

तारळेकरांची मूठ दाण्यांवर मिटली.

"मागं प्रसादाला आलो तवा स्वयंपाकघराजवळ होते. ईशान्येला. आता?"

"बाहेरच्या खोलीत… नैर्ऋत्येच्या भिंतीला."

"देवांनी मागून घेतली ती जागा?"

…

माणूस घर बघायला गेला की भिंती ठोकतो, नळ सोडून बघतो, न्हाणीघरात डोकावतो. पण दुसऱ्याचा देव कोणी हलवत नाही. देव्हाऱ्यापुढे येतो, चपला नसल्या तरी एकदा पायांकडे बघतो आणि हात जोडून पुढे जातो. हे तारळेकरांना नीट ठाऊक होतं. म्हणून नैर्ऋत्येच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत तडा गेला, तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं नाही. उंच देव्हारा करून घेतला आणि देव तिथे नेऊन बसवले.

तडा का गेला तेही त्यांनी आता सांगून टाकलं. त्या कोपऱ्याखाली भराव होता. पाया आणखी खोल घ्या, असं गवंडी म्हणाला होता. त्यावर, "मला शिकवतोस?" असं तारळेकर म्हणाले होते. सगळ्या मजुरांसमोर म्हणाले होते.

"पण कोरे आहे तसंच घेताहेत," ते घाईने पुढे म्हणाले. "मी गप्प राहिलो तर माझं काय चुकलं?"

"मग हितं कशाला आलास?"



ओसरीची मागची भिंतही तडकलेली होती. महाराज रोज त्या फटीत उदबत्ती खोचायचे. त्यांनी तिकडे बोट केलं.

"ऊठ. त्या फटीला पाठ लावून हुबा ऱ्हा."

तारळेकर उभे राहिले. एवढे मोठे साहेब, पण पोरासारखे उभे राहिले.

"आता फट दिसती का मला?"

"नाही."

"झ्याक. आता घरी जा."

तारळेकर निघाले. एक पाऊल टाकलं असेल नसेल…

"दिसली."

ते मागे सरकले. पाठ पुन्हा भिंतीला लागली.

"जा की. वेणू वाट बघत असंल."

तारळेकरांनी पाऊल उचललं आणि तिथेच ठेवलं.

"दोन वरसं झाली," महाराज म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

ओसरीवर नुसता टरफलांचा आवाज होता.  वेणूताई दोन वर्षं खिडकीत बसल्या होत्या त्या गुडघ्यांमुळे नव्हे, आपल्यामुळे, हे त्यांना भिंतीला टेकल्या टेकल्या कळलं आणि स्वतःची लाज वाटली. त्यांनी खिशातून फोन काढला. 

त्यांनी कोऱ्यांना सगळं सांगितलं. भराव, गवंडी, देव. काही सोडलं नाही. नको असेल तर व्यवहार मोडा, माझी तक्रार नाही, हेही म्हणाले.



"साहेब," कोरे म्हणाले, "तीस वर्षं झाली, जमिनीतल्या न उघडलेल्या पेवातली हळद घेतोय मी. आत काय निघंल ते पेवात वाकून दिसत न्हाई. मालकाच्या तोंडावर दिसतंय. देव नैर्ऋत्येला बघितले तवाच वळखलं. तडा धरूनच भाव बोललो होतो."

तारळेकरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"गवंडी लावून पाया बांधून घीन. उद्या अकराला या. फकस्त देव तेवढे तुम्हीच हलवा. माझा हात धजणार न्हाई."

फोन ठेवला तेव्हा तारळेकर हसत होते आणि डोळे पुसत होते. छाती अशी मोकळी झाली होती की त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. मूठ उघडून त्यांनी ते चार दाणे खाल्ले. मग भिंतीपासून दूर झाले आणि सरळ महाराजांच्या पायाशी येऊन बसले.

"त्याला ठाऊकच होतं, महाराज. मग मी लपवत कोणापासून होतो?"

महाराजांनी मांडीवरची टरफलं झटकली. उदबत्ती पेटवली, मघाशी तारळेकरांच्या पाठीने झाकलेली ती फट शोधली आणि तिच्यात नीट खोचली. मग मागे न वळता म्हणाले,

"घरी गेलास की आधी देवांना सांग, बसा आता. दोन वरसं हुबे हैत बिचारे."