रांजणाची बाळं

फार पूर्वी, भांडीकुंडी बोलत तेव्हा, एक रांजण पाळण्यावर जळायचा. "त्याच्या कुशीत बाळ, आणि माझ्या पोटात नुसतं पाणी!"

एकदा डासीण म्हणाली, "रांजणदादा, माझी अंडी सांभाळता?" रांजण हरखला. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करायच्या दिवशी घरधनीण त्याला पालथा घालायला आली, तर तो मुद्दाम जड होऊन बसला. ओली बाळंतीण ती. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणत परतली.

पिल्लं उडाली. काही दिवसांनी रांजण मिरवला, "बघ पाळण्या, माझी बाळं उडतात. तुझं अजून पालथंसुद्धा पडत नाही!"

"तुझी बाळं शेजारच्या तापकऱ्याला चावून इथं येतात रे," पाळणा म्हणाला. "माझं हिवतापानं कुडकुडतंय."

डासीण पुन्हा काठावर येऊन बसली. रांजण हळूच कलला आणि आपणहून पालथा पडला.