शेक-लुंगचा खोटा डॉलर

"आणि आज नाही, तर कधी?" शेक-लुंगने विचारलं.

लुक गुरुजी चहाच्या पेल्यात तरंगणारी पत्ती फुंकरीने बाजूला सारत राहिले.

"तीन वर्षं झाली, गुरुजी. माझ्या मागून आलेले दोघं शिक्का घेऊन गेले. आज दिला नाहीत, तर मी दुसरी पेढी बघतो."

गुरुजी चहा प्यायले…

ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या कँटन बंदरातली. परदेशी जहाजं चहा आणि रेशीम भरून न्यायची आणि बदल्यात मेक्सिकोचे गरुडछाप चांदीचे डॉलर ठेवून जायची. त्यांत खोटेही भरपूर. म्हणून बाजारात पारखी बसत. पारख्याने नाणं तपासायचं आणि खरं वाटलं की त्यावर आपला पोलादी शिक्का ठोकायचा. पुढे ते खोटं निघालं, तर पारख्याने भरून द्यायचं. शिक्का म्हणजे त्याची जबान.

लुक गुरुजी या कामातले सगळ्यांत जुने. आणि शेक-लुंग त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे, तोच सगळ्यांना सांगत असे.

"माझा कान चुकत नाही," तो म्हणाला. "हात थरथरत नाही. आणखी काय पाहिजे?"

"तुझा डॉलर झाला?"

शेक-लुंगने तो मोठ्या दिमाखात समोर ठेवला. या पेढीची रीतच तशी होती. शिक्का हवा असेल, तर आधी स्वतःच्या हाताने एक खोटं नाणं करायचं. ते बाजारात जायचं नाही, गुरुजींच्या हातीच यायचं.

त्याने खरा डॉलर कडेने बारीक करवतीने चिरून त्याच्या दोन चकत्या केल्या होत्या. आतली चांदी कोरून काढली होती. पोकळीत तांबं आणि वजन जुळवायला थोडं शिसं भरलं होतं. चकत्या पुन्हा सांधल्या, कडेवरचे दाते कानशीने पुन्हा कोरले आणि सांधा काजळीने मळवला. तेरा बिघडले. हा चौदावा.

वरची चांदी खरी. गरुड खरा. जुन्या पारख्यांचे पाच शिक्के, तेही खरे. खोटं होतं ते फक्त पोट.

गुरुजींनी तो बोटांत फिरवला.

तेवढ्यात दारात आ-सुन नावाडीण आली. तिने नाव विकली होती. नाव घाटालाच बांधलेली होती आणि घेणारा दोरापाशी उभा होता. डॉलर खरे ठरले, तरच ती दोर सोडणार होती. रुमालाची गाठ सोडून तिने ते मेजावर ओतले. एकोणीस.

"बावीस वर्षं त्या नावेत राहिले मी," ती म्हणाली. "नीट बघा."

गुरुजींनी डॉलरांवर बाही पसरली, दोन्ही हातांनी ते खळखळ कालवले आणि बाही उचलली. पुन्हा एकोणीसच.

"मावशी, तुमचा एक माझ्या बाहीत आहे. तो तुम्हाला परत मिळेल." मग शेक-लुंगकडे वळून म्हणाले, "आणि तुझा यांच्यात आहे. काढ. छिन्नी लावायची नाही, तुटलेल्या नाण्याला बाजारात मान नाही. उरतील त्यांवर तुझा शिक्का."

त्यांनी पोलादी शिक्का मेजाच्या मधोमध ठेवला.

शेक-लुंग हसला. स्वतःचं लेकरू कोण ओळखत नाही?

त्याने एकेक डॉलर बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्यावर वाजवला. पहिला खणखणीत. दुसरा खणखणीत. एकोणिसावाही.

त्याने पुन्हा सुरुवात केली.

आता कडा पाहिल्या. नखाने सांधा शोधला. किती सुबक केला होता त्याने. कपाळावरचा घाम मेजावर पडला आणि त्याने तो घाईने पुसला.

तिसरी फेरी…

अकराव्या नाण्याच्या कडेला केसाएवढी रेघ होती. आवाजही किंचित बसका वाटला. की वाटावासा वाटला? त्याने ते बाजूला सरकवलं, पण बोट उचललं नाही.

"खोटा आहे तो?" आ-सुनने हळूच विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि शेक-लुंगला प्रथमच कळलं की आपण काहीही म्हटलं तरी या बाईला ते खरंच वाटणार. हो म्हटलं की सुटका. शिक्का हातात. आणि अंदाज चुकला असेल, तर त्याचा खोटा डॉलर तिच्या रुमालात, त्याच्याच शिक्क्यानिशी. नाव तर गेलेलीच.

बाहेर घाटावरून नाव घेणाऱ्याने हाक मारली. तिची नजर शेक-लुंगच्या बोटावरच होती.

त्याने ते नाणं आणखी एकदा वाजवलं.

शेक-लुंगने अकरावं नाणं परत इतरांत सरकवलं. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

"मला ओळखता येत नाही," तो म्हणाला. "मावशी, दोर सोडू नका."

गुरुजींनी बाही झटकली. एक डॉलर मेजावर पडला. त्यांनी त्यावर हातोडीचा एक घाव घातला. चकत्या उकलल्या आणि आतून लालसर तांबं दिसलं.

शेक-लुंग त्याच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे हे एकोणीसही…"

"मावशींचेच."

"मग माझा कान बरोबरच सांगत होता."

"हो."

गुरुजींनी शिक्का आणि हातोडी त्याच्यापुढे सरकवली. आ-सुनने पहिला डॉलर उचलून लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि हात मागे घेतला.

शेक-लुंगने शिक्का धरला. तो नाण्यावर टेकेना.

"गुरुजी, हात थरथरतोय."

"थरथरू दे," गुरुजी म्हणाले. "मार शिक्का."