समुद्राआधीचा रस

“समुद्राच्या तळाशी, समुद्राचा हात न लागलेला एकही दगड नसावा का, गुरुजी?”

आगाशे गुरुजींनी वर पाहिले नाही. कढईतला गुळाचा पाक ते पळीने ढवळीत राहिले. उद्या संक्रांत, डोंगरावरच्या देवळात येणाऱ्यांसाठी तिळाचे लाडू वळायचे होते.

गुरुजींनी उभा जन्म महाविद्यालयात अश्मविज्ञान शिकवले आणि निवृत्त होताच या देवळामागच्या खोपीत बिऱ्हाड थाटले. हेमांगी सरंजामे ही त्यांची सर्वांत बुद्धिमान शिष्या. आणि ही गोष्ट तिला स्वतःला पुरती ठाऊक होती.

“आधी बस,” ते म्हणाले. “डोंगर चढून आलीस. दाण्यांची साले काढायची आहेत.”

ती बसली. दाण्यांचे सूप पुढ्यात ओढले. पण हात चालेनात.

“सफरीमागून सफरी केल्या. अथांग तळावरचा बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला तो काळा दगड, उपसून आणला. त्यातली खनिजे पाहिली, ऑलिव्हिन तपासले, प्लॅजिओक्लेज तपासले. दगडाच्या अंगात पाणी मुरलेले. भेगांत चिकणमाती, पोकळ्यांत पाण्यानेच घडवलेले झिओलाइटचे स्फटिक. पोटॅशियम मुळात नाममात्र असायचे, ते वाढलेले, कॅल्शियम उणावलेले. सगळे समुद्राचे देणेघेणे.”

“मग काच घ्यायची.”

“घेतली.” तिचा स्वर किंचित ताठ झाला. “लाव्हा गार पाण्याला भिडतो, तेव्हा वरची साल स्फटिक घडण्याआधीच गोठते आणि तिची काच होते. तुम्हीच शिकवलेत. ती काच मी सूक्ष्मदर्शकाखाली कण कण वेचली. पाण्याने पिवळट पडलेला प्रत्येक कण टाकला. उरलेली आम्लात धुतली. इतकी निर्मळ काच आजवर कुणी वेचली नसेल.”

“नसेलच. तांदूळ निवडायला बसवली, तर तू खड्यांबरोबर अर्धे तांदूळही टाकशील.”

एरवी ती हसली असती.

“त्या काचेतही क्लोरीन निघाले, गुरुजी. खाऱ्या पाण्याचे. लाव्हा वर येण्याआधीच समुद्र भेगांतून खाली झिरपला होता. मी वाट शोधत राहिले, आणि तो कधीचाच तिथे जाऊन बसलेला…”

पाकाला फेस आला. गुरुजींनी जाळ थोडा मागे ओढला.

“पृथ्वीच्या पोटातला तो मूळ रस,” ती हळू आवाजात म्हणाली, “कशाचाही स्पर्श होण्यापूर्वीचा… एकदा पाहावा, एवढेच मागणे होते. त्यापायी घर केले नाही, दार केले नाही. परवा जहाज सुटते आहे. मी यादीतून नाव काढून घेणार आहे. जे मिळणारच नाही, त्याच्यासाठी किती झुरायचे?”

गुरुजींनी पाकाची पळी भरली.

“हात पुढे कर.”

जुन्या सवयीने तिने तळवा पुढे केला. पळीतून वाफा निघत होत्या. गुरुजींनी ती तिच्या तळव्यावर कलती केली…

तिने हात झटक्याने मागे घेतला.

“का ग?”

“भाजेल ना!”

“रसच आहे की. अजून कशाचा स्पर्श नाही झालेला त्याला.”

शेजारी गार पाण्याची वाटी होती. गुरुजींनी पळी त्या वाटीवर धरली. एक थेंब पडला, आक्रसला, तळाशी जाऊन गोल झाला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि तिच्या तळव्यावर ठेवला.

तिने बोट दाबून पाहिले. वरून आळलेला, आत अजून मऊ, कोमट. तिने तो चुलीसमोर धरला. त्याच्यातून जाळ दिसत होता, तांबूस, थरथरता. ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

“पण हे रूप पाण्याने दिलेले,” अखेर ती म्हणाली. “रस असा नसतो.”

“नसतो.”

“मग कसा असतो?”

गुरुजींचा हात थांबला.

“ठाऊक नाही.”

वर्गात हे दोन शब्द तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तिने चमकून त्यांच्याकडे पाहिले. धुराने लाल झालेले डोळे कढईवर खिळले होते. उकळत्या पाकात बुडबुडे उठत होते, फुटत होते.

“आयुष्यभर दगड पाहिलेत, गुरुजी. तरीही…?”

“तरीही.”

“आणि ती ओढ? ती केव्हा संपली?”

गुरुजींनी चुलीत एक लाकूड सारले.

“संपली असती,” ते म्हणाले, “तर या उकळत्या रसात डोळे लावून मी कशाला बसलो असतो? पाक करायला गावात दुसरे कुणी नव्हते का?”